चौथ्या तासाचा ४९ : ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या चुकीच्या वाचनाचे एक प्रकरण

एक्केचाळीस वर्षांच्या एका महिलेला सुमारे दोन वर्षांपासून, आठवड्यातून तीन-चार वेळा, दुपारच्या जेवणानंतर दोन ते तीन तासांनी ठरावीक त्रास होत असे. हातांना कंप सुटे, छातीत धडधडे, तळवे घामेजत, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटे आणि हातातल्या कामावर लक्ष टिकत नसे. काहीतरी गोड खाल्ले की दहा मिनिटांत बरे वाटे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची पाच तासांची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ग्लुकोजचे पाणी पाजून ठरावीक वेळांनी रक्तातील साखर मोजण्याची चाचणी, करण्यात आली. तिच्यात चौथ्या तासाचा आकडा ४९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आला आणि तेवढ्या आधारावर त्यांच्या कागदपत्रांत ‘रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया’, म्हणजे जेवणानंतर साखर घसरण्याचा विकार, असे निदान नोंदवले गेले. दर दोन तासांनी काहीतरी खावे, जवळ ग्लुकोजच्या गोळ्या बाळगाव्यात आणि घरी ग्लुकोमीटरवर साखर तपासत राहावे, असा सल्ला मिळाला. त्यांनी तो निष्ठेने पाळला. चौदा महिन्यांत वजन सात किलोंनी वाढले, पण त्रास कमी झाला नाही, आणि म्हणून त्या दुसरे मत घेण्यासाठी आल्या.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील आकडे कोणा एका व्यक्तीचे नाहीत, परंतु लक्षणे, चुका आणि त्यांचा क्रम या विषयात नेहमी आढळतो तसाच ठेवला आहे. पुढे दिलेले रक्तातील साखरेचे सर्व आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, शिरेतून काढलेल्या रक्ताच्या प्लाझ्मातील (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील) ग्लुकोजचे असून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

आधी विचारलेले प्रश्न

मधुमेह नसलेल्या माणसाची साखर कमी होते की काय, हे ठरवताना पहिला उपयोग प्रयोगशाळेचा नसून प्रश्नांचा असतो. त्रास केव्हा होतो, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उपाशीपोटी, पहाटे झोपेतून उठताना, जेवण चुकल्यावर किंवा श्रमानंतर त्रास होत असेल तर विचार एका दिशेने जातो, आणि तो केवळ जेवणानंतरच होत असेल तर दुसऱ्या. या महिलेला उपाशी असताना एकदाही त्रास झाला नव्हता. एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांना पूर्वी सलग सोळा तास पोटात काही घेता आले नव्हते, तेव्हाही त्यांना थकव्यापलीकडे काही जाणवले नव्हते. बोलणे असंबद्ध होणे, ओळखीच्या गोष्टी न ओळखणे, दोन-दोन दिसणे, शुद्ध हरपणे किंवा झटका येणे यांपैकी काहीही कधी घडले नव्हते. याबाबत घरच्यांनाही स्वतंत्रपणे विचारले गेले, कारण मेंदूला साखर अपुरी पडली की घडलेला प्रकार रुग्णाला स्वतःला पुष्कळदा आठवत नाही.

औषधांचा प्रश्न विचारताना संकोच करून चालत नाही. घरात कोणी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील, म्हणजे स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त स्रवायला लावणाऱ्या मधुमेहाच्या, गोळ्या घेते का, गोळ्यांची अदलाबदल होण्याची शक्यता आहे का, क्विनिन किंवा अन्य काही चालू आहे का, मद्यसेवन किती, हे सर्व विचारले गेले. रुग्ण महिलेच्या आईला मधुमेह होता आणि ती अशी गोळी घेत होती, पण ती दुसऱ्या घरी राहत असे. जठरावरील किंवा वजन घटवण्यासाठीची शस्त्रक्रिया झालेली नव्हती. हा तपशील मुद्दाम लिहितो, कारण जठराला वळसा देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर अन्न लहान आतड्यात वेगाने उतरते, जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर पाझरते, इन्सुलिन जरुरीपेक्षा जास्त स्रवते आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर खरोखरच धोकादायक पातळीपर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णाची तक्रार ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावणे हा त्याच्यावर अन्याय होईल. यकृत, मूत्रपिंड आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी यांच्या विकाराची लक्षणे नव्हती. थायरॉइडची तपासणी सामान्य होती.

शेवटी विचारलेल्या एका प्रश्नाने मात्र प्रकरणाची दिशा बदलली. अकरा वर्षांपूर्वीच्या गरोदरपणात साखर वाढली होती का? ‘थोडीशी वाढली होती, बाळंतपणानंतर आपोआप गेली,’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर साखरेची फेरतपासणी कोणीच सांगितली नव्हती. गरोदरपणातील मधुमेह झालेल्या स्त्रियांना बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट आणि पुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करावी असे मार्गदर्शन आहे, कारण अनेक अभ्यासांच्या २००९ मधील एकत्रित विश्लेषणात अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट आढळला होता. साखर कमी होते म्हणून आलेल्या व्यक्तीला साखर वाढल्याचा इतिहास विचारायचा, हे उलटे वाटेल, पण या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

साखर खाली जाते तेव्हा शरीर काय करते

एरवी निरोगी माणसाच्या रक्तात एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. यावरूनच कळते की रक्तातली साखर ही साठवण नसून वाहता प्रवाह आहे, आणि तो आटू नये यासाठी शरीराने एकामागोमाग एक बंधारे घातलेले आहेत. साखर ८० ते ८५ च्या खाली उतरू लागली की स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरणे कमी होते. ती ६५ ते ७० च्या दरम्यान आली की ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके बाहेर पडतात आणि यकृताला साठवलेले ग्लायकोजेन फोडायला लावतात. आणखी थोडे खाली कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक मदतीला येतात. घाम, कंप, धडधड, भूक ही जाणीव साधारणतः ५५ ते ६० च्या आसपास होते, आणि ५० च्या जवळपास मेंदूचे काम मंदावू लागते. या पायऱ्या निरोगी माणसाच्या आहेत. ज्याची साखर अनेक महिने चढी राहिली आहे त्याला सामान्य आकड्यालाही त्रास होऊ शकतो, आणि ज्याला वारंवार साखर घसरण्याची सवय झाली आहे त्याला ४० लाही काही जाणवत नाही.

या क्रमात एक अडचण दडलेली आहे. कंप, घाम आणि धडधड ही लक्षणे ॲड्रेनॅलिनची आहेत, साखरेची नव्हेत. साखर घसरल्यावर ॲड्रेनॅलिन वाढते हे खरे, परंतु ते भीतीने, धावपळीने, झोपेच्या अभावाने आणि जास्त कॅफीननेही वाढते. म्हणजे लक्षणांवरून साखरेचा आकडा ओळखता येत नाही. मेंदूची लक्षणे, म्हणजे गोंधळ, बोलण्यातला अडखळा, शुद्ध हरपणे, अधिक बोलकी असतात, आणि ती या महिलेत नव्हती.

इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडल्यानंतर लवकरच, १९२४ मध्ये, सील हॅरिस या अमेरिकन वैद्याने असे सुचवले की इन्सुलिन बाहेरून टोचून जी लक्षणे येतात तीच स्वतःच्या स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन आल्यानेही येत असावीत. १९२७ मध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीचे पहिले प्रकरण मेयो क्लिनिकमधून नोंदले गेले आणि १९२९ मध्ये टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. या यशानंतर शस्त्रक्रियेसाठी लोक रांगा लावतील ही भीती रास्त होती, कारण थकवा आणि कंप यांची तक्रार कोणाला नसते? म्हणून १९३० च्या दशकात शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी तीन अटी घातल्या. साखर कमी झाल्यासारखी लक्षणे असावीत, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी असावी, आणि साखर वर आणल्यावर लक्षणे जावीत. ही ‘व्हिपलची त्रयी’ आजही पायाभूत आहे. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, मधुमेह नसलेल्या व्यक्तीत ही त्रयी नोंदवली गेली असेल तरच पुढील तपासण्या कराव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या तपासण्यांत ५५ च्या खालचा आकडा अर्थपूर्ण मानला जातो. मधुमेहावर औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठी सावधगिरीची पातळी मात्र ७० आहे, आणि दोन्ही आकड्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ निरोगी लोक घाबरतात.

तीन अटींपैकी ‘त्याच वेळी’ हे दोन शब्द लोक सहज विसरतात. या महिलेच्या प्रकरणात ते विसरले गेले होते.

जुना अहवाल पुन्हा वाचताना

तोंडाने ग्लुकोज देऊन केलेली टॉलरन्स टेस्ट ही साखर वाढते का हे शोधण्यासाठी बांधलेली आहे. किमान आठ तासांच्या उपासानंतर पहिला नमुना घ्यायचा, मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्यायचा आणि दोन तासांनी दुसरा नमुना घ्यायचा, ही तिची मूळ रीत. (दुकानात मिळणारे ग्लुकोज बहुधा पाण्याचा रेणू धरलेले असते, ते घेतल्यास ८२.५ ग्रॅम लागते, हे अनेक ठिकाणी ध्यानात घेतले जात नाही.) दोन तासांचा आकडा १४० च्या आत असेल तर सामान्य, १४० ते १९९ असेल तर ग्लुकोज सहनशीलता कमी झालेली, आणि २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून अधिक असेल तर तोही मधुमेहाच्या मर्यादेत मोडतो. मधुमेहाची ठळक लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निदान न करता ते पुन्हा पडताळावे लागते. गरोदरपणाचे निकष वेगळे आणि कडक आहेत. तेथे उपाशीपोटी ९२, एक तासाला १८० आणि दोन तासांना १५३ यांपैकी एकही गाठला किंवा ओलांडला गेला तरी निदान होते.

या चाचणीला तीन, चार, पाच तासांपर्यंत ओढण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली आणि जेवणानंतरच्या प्रत्येक अस्वस्थतेला ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणण्याची लाट आली. ती इतकी वाढली की १९७३ मध्ये अमेरिकेतील तीन प्रमुख वैद्यकीय संघटनांना एकत्र निवेदन काढून, बहुतेक लोकांच्या अशा लक्षणांचे कारण साखर नसते, असे सांगावे लागले. त्यानंतरच्या अभ्यासांत आढळले की कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी लोकांपैकी सुमारे दहा टक्के लोकांची साखर लांबवलेल्या चाचणीत ५० च्या आत जाते. एकदम पातळ साखर पोटात ओतल्यावर जठर लगेच रिकामे होते, आतड्यातील संप्रेरकांमुळे इन्सुलिन जोरात येते, साखर शोषून संपते पण इन्सुलिन अजून रेंगाळलेले असते. रोजच्या जेवणात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ एकत्र असल्यामुळे जठर हळूहळू रिकामे होते आणि असा खड्डा सहसा पडत नाही. म्हणजे ही चाचणी जे दाखवते ते त्या माणसाच्या दुपारी घडतच नसावे, अशी शक्यता बरीच.

आता या महिलेचा अहवाल. उपाशीपोटी ९४, अर्ध्या तासाला १७१, एक तासाला १८८, दोन तासांना १६४, तीन तासांना ९२, चार तासांना ४९, पाच तासांना ७१. चौथ्या तासाच्या नमुन्यासमोर ‘तक्रार नाही’ अशी तपासणी केंद्राच्या कर्मचाऱ्याची टीप होती. रुग्ण महिलेला विचारले असता तिनेही सांगितले की त्या वेळी ती वाचत बसली होती आणि कंटाळा सोडला तर काहीही वाटत नव्हते. त्रास झाला तो ग्लुकोज प्यायल्यानंतर तासाभराने, मळमळ आणि डोके जड होणे या स्वरूपात, म्हणजे साखर १८८ असताना. त्रयीची पहिली अट येथेच मोडते, आणि अशा वेळी ४९ हा आकडा कितीही लाल रंगात छापला तरी त्याला रोगाचे नाव देता येत नाही.

तो आकडा खराच ४९ होता का, हाही प्रश्न आहे. शिरेतून काढलेले रक्त नळीत उभे राहिले तर त्यातील पेशी ग्लुकोज खात राहतात आणि प्लाझ्मा वेगळा न केल्यास तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. सोडियम फ्लोराइड असलेली राखाडी झाकणाची नळी वापरली तरी त्या रसायनाचा परिणाम पूर्ण जाणवायला एक-दोन तास जातात आणि मधल्या काळातली घट होऊन जाते. मूळ आकडा ५५ असेल तर दोन तास तसेच ठेवलेल्या नमुन्यात तो ४९ च्या जवळ येऊ शकतो. नमुने ठेवण्याची वेळ अहवालावर नोंदलेली नव्हती, त्यामुळे याचा निकाल लावता आला नाही. ४९ हा आकडा पूर्ण खरा मानूनही वरील युक्तिवाद टिकतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

आता त्याच कागदावरच्या १८८ आणि १६४ या आकड्यांकडे पाहू. दोन तासांचा १६४ हा सहनशीलता कमी झाल्याच्या मर्यादेत सरळ बसतो. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एक तासाचा आकडा १५५ किंवा अधिक असल्यास तोही धोक्याच्या पातळीचा मानण्याची शिफारस केली आहे, त्या कसोटीवर १८८ ही बराच वर आहे. साखर खाली जाते का हे पाहण्यासाठी चाचणी मागवली गेली, म्हणून वाचणाऱ्याची नजर शेवटच्या दोन ओळींवर गेली आणि वरच्या ओळी डोळ्यांसमोरून निसटल्या. शिवाय दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित असू शकतात. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या पुष्कळ लोकांत ग्लुकोज घेतल्यावर येणारा इन्सुलिनचा पहिला झटपट स्राव क्षीण होतो, साखर आधी चढते, मग उशिरा आलेले जास्त इन्सुलिन तिला तीन ते पाच तासांदरम्यान गरजेपेक्षा खाली खेचते. तसे असेल तर ४९ हा उशिरा आलेल्या इन्सुलिनचा माग ठरतो, आणि पाहायचे असते ते त्याच्या आधी आलेल्या चढाकडे.

याही निष्कर्षाला घाई करून चालणार नव्हते, कारण चाचणीच्या पूर्वतयारीत एक दोष निघाला. साखरच आपली शत्रू आहे, असे वाटून चाचणीपूर्वी सुमारे आठवडाभर त्यांनी पिष्टमय पदार्थ जवळजवळ सोडून दिले होते. टॉलरन्स टेस्टपूर्वी निदान तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम पिष्ट पोटात गेलेले असावे लागते. हॅरोल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश वैद्याने १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते की पिष्ट कमी खाल्ल्यावर निरोगी माणसाचीही सहनशीलता चाचणीत बिघडलेली दिसते. शरीर स्निग्धावर चालायला लागलेले असते, इन्सुलिनला प्रतिसाद मंदावतो, आणि अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज आले की गोंधळ उडतो. त्यामुळे १६४ खोटाही असू शकत होता. जुन्या अहवालातल्या प्रत्येक आकड्यावर कुठे ना कुठे शंका होती, म्हणून दोन वेगळ्या प्रश्नांसाठी दोन वेगळ्या चाचण्या योजल्या गेल्या.

नोंदवहीतले आकडे

चाचण्यांपूर्वी त्यांनी घरी ठेवलेली नोंदवही पाहिली. एकतीस नोंदींपैकी एकोणीस त्रासाच्या वेळच्या होत्या. त्यांपैकी अठरा ७६ ते ११८ च्या दरम्यान होत्या आणि एकच ६३ होती. १०० च्या खालच्या पातळीत ग्लुकोमीटरचे आकडे खऱ्या आकड्यापेक्षा १५ ने कमी-जास्त असले तरी ते आंतरराष्ट्रीय मानकात बसतात, म्हणून मीटरवरचा ६३ प्रयोगशाळेत ७८ निघू शकतो. ग्लुकोमीटर मधुमेही माणसाने आपल्या उपचारांचा मेळ घालण्यासाठी आहे, मधुमेह नसलेल्या माणसात कमी साखरेचे निदान करण्यासाठी नाही. त्वचेखाली बसवायच्या संवेदकांची हीच गत असते. ते पेशींमधल्या द्रवाचे माप घेतात, रक्ताच्या मागे काही मिनिटे राहतात, आणि रात्री झोपेत कुशीखाली दाबले गेले तर खोटे नीचांकही दाखवतात. मात्र नोंदवही निरुपयोगी नव्हती. अठरा वेळा त्रास आणि अठरा वेळा पुरेशी साखर, हा पुरावा त्यांच्याच हातचा होता आणि त्यांनी तो कधी उलटून पाहिला नव्हता.

मिश्र आहाराची चाचणी

पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे जेवणानंतर त्रास होतो तेव्हा साखर किती असते यासाठी, ग्लुकोजचे पाणी न देता ज्या जेवणानंतर हमखास त्रास होतो असे त्यांनी सांगितले तेच जेवण दिले गेले. खाण्यापूर्वी आणि नंतर दर अर्ध्या तासाने पाच तासांपर्यंत शिरेतून नमुने घेतले. प्रत्येक वेळी इन्सुलिन, सी-पेप्टाइड (स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होताना सोबत सुटणारा तुकडा) आणि प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे आधीचे रूप) यांसाठीही रक्त बाजूला ठेवले, परंतु त्या तपासण्या साखर ६० च्या खाली गेलेल्या नमुन्यांवरच करायच्या असतात. साखर पुरेशी असताना इन्सुलिन किती, या आकड्याला या प्रश्नात काही अर्थ नसतो. त्या स्वतः एका कागदावर वेळ आणि लक्षणे लिहीत होत्या आणि त्यांना आकडे दाखवले जात नव्हते. आकडा पाहून लक्षण उमटते, हे मान्य करायला रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही जड जाते, म्हणून ही खबरदारी आवश्यक.

खाण्यापूर्वी ९६, तासाला १५९, दोन तासांना १०८. अडीच तासांनी त्यांनी कागदावर ‘सुरू झाले’ असे लिहिले. हातांना कंप होता, तळवे ओले होते, नाडी मिनिटाला ७८ वरून १०६ वर गेली होती. म्हणजे त्रास खरा होता, दिसत होता, मोजता येत होता. त्या क्षणीच्या नमुन्यात साखर ९१ होती. त्यांना काहीही खायला दिले नाही. वीस मिनिटांत त्रास आपोआप ओसरला, आणि त्यानंतर साखर उलट आणखी खाली, चार तासांना ७० पर्यंत गेली, तेव्हा त्यांना काहीच जाणवत नव्हते. गोड खाल्ल्यावर दहा मिनिटांत बरे वाटते, या जुन्या अनुभवाचा उलगडाही येथेच झाला. ॲड्रेनॅलिनची लाट आपल्या वेळेने ओसरत होती आणि श्रेय साखरेला मिळत होते.

एकाही नमुन्यात साखर ६० च्या खाली न गेल्यामुळे राखून ठेवलेले रक्त तपासण्याची गरज पडली नाही. ७२ तासांच्या उपासाची चाचणीही केली नाही. ती चाचणी उपाशीपोटी त्रास होणाऱ्यांसाठी आहे. इन्सुलिन स्रवणारी गाठ असलेल्या बहुतेक रुग्णांत पहिल्या ४८ तासांतच साखर घसरते, आणि त्या वेळी साखर ५५ च्या खाली, इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर किंवा अधिक, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा अधिक, आणि रक्तात सल्फोनिलयुरिया नाही, असे चित्र असेल तरच गाठ शोधायला निघायचे असते. सी-पेप्टाइड कमी आणि इन्सुलिन जास्त असेल तर इन्सुलिन बाहेरून टोचलेले आहे, कारण स्वादुपिंड दोन्ही बरोबरच सोडते. या महिलेला ही वाट धरायला लावणे म्हणजे तीन दिवसांचा उपास, खर्च आणि स्वादुपिंडाच्या स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी ठिपका सापडून पुढच्या नव्या भीतीला आमंत्रण ठरले असते.

दुसरी टॉलरन्स टेस्ट

तीन आठवड्यांनी, पुरेसे पिष्ट खाण्याची लेखी सूचना देऊन आणि ती पाळल्याची विचारपूस करून, टॉलरन्स टेस्ट पुन्हा केली. या वेळी दोनच तासांची. बसून, न हिंडता, न धूम्रपान करता, सकाळच्या वेळी. नमुने लगेच प्लाझ्मा वेगळा करून ठेवले. उपाशीपोटी १०१, तासाला १८२, दोन तासांना १५२. एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९ टक्के, म्हणजे ५.७ ते ६.४ या पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यात. उपाशीपोटीचा १०१ अमेरिकन निकषात किंचित वाढलेला आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या ११० च्या निकषात नाही, पण दोन तासांच्या आकड्याबद्दल असा मतभेद नाही. सहनशीलता खरोखरच कमी झालेली होती. पूर्वतयारी नीट केल्यावर १६४ चा १५२ झाला, त्यापलीकडे तो हलला नाही.

निदान लिहिताना दोन वाक्ये लिहिली गेली. पहिले, मधुमेहपूर्व अवस्था, गरोदरपणातील मधुमेहाच्या पार्श्वभूमीवर. दुसरे, जेवणोत्तर ॲड्रेनॅलिनसदृश लक्षणे, कमी साखरेचा पुरावा नाही. दुसऱ्या वाक्यात ‘मानसिक’ हा शब्द घातला नाही. जेवणानंतर रक्तप्रवाह आतड्यांकडे वळताना काहींमध्ये ॲड्रेनॅलिनचा प्रतिसाद जास्त तीव्र असतो, आणि त्यांच्या बाबतीत अपुरी झोप, सकाळचे जेवण टाळणे आणि दुपारपर्यंत घेतलेले भरपूर कॅफीन हे तिन्ही घटक त्याच तासाला एकत्र येत होते. कारण नेमके किती टक्के कशाचे, हे कोणी सांगू शकणार नाही.

सर्वांत अवघड काम निदान सांगण्याचे होते. चौदा महिने जो शब्द घेऊन माणूस जगला, घरच्यांना समजावले, कामाच्या ठिकाणी सवलती मागितल्या, तो शब्द काढून घेणे म्हणजे ‘तुम्हाला काही झालेच नव्हते’ असे सांगितल्यासारखे होते. म्हणून आधी मिश्र आहाराच्या चाचणीचा कागद समोर ठेवला, त्यांच्याच अक्षरातली ‘सुरू झाले’ ही नोंद दाखवली, शेजारचा नाडीचा आकडा दाखवला, आणि मग साखरेचा. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी वर्षभर साखर वाढायच्या आजारावर साखर खात होते.’ यात थोडी अतिशयोक्ती होती, पण दुरुस्त करावी इतकी नव्हती.

उपचारात ग्लुकोजच्या गोळ्या आणि दर दोन तासांचे खाणे बंद झाले. दिवसाला तीन वेळा नीट जेवण, त्यात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ, गोड पेये बंद, कॅफीन अर्ध्यावर, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे, एवढे सुरुवातीला ठरले. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. हे आकडे सांगितल्यावर त्यांनी गोळी न घेता पहिली वाट निवडली. ग्लुकोमीटर परत करायला सांगितले नाही, पण त्रासाच्या वेळी तो न काढता वीस मिनिटे घड्याळ लावून बसावे, असे सुचवले. पहिल्या महिन्यात त्यांनी दोनदा नियम मोडला. दोन्ही वेळा आकडा ८० च्या वर होता.

वर्षभराने वजन साडेपाच किलोंनी उतरले होते. टॉलरन्स टेस्टमध्ये उपाशीपोटी ९७ आणि दोन तासांना १३७, एचबीएवनसी ५.७. दोन तासांचा आकडा सामान्य मर्यादेत आला, एचबीएवनसी पट्ट्याच्या अगदी काठावर राहिला, त्यामुळे तपासणी दरवर्षी करायची ठरली. दुपारचा त्रास पूर्ण गेला नाही. महिन्यातून एक-दोनदा, बहुधा रात्री झोप न झाल्यावर, तो अजून येतो आणि जातो.

कागदपत्रांतले जुने निदान तारखेसह रद्द केले गेले आणि त्याखाली एक सूचना लिहिली गेली. यापुढे कधी उपाशीपोटी, पहाटे, रात्री किंवा व्यायामानंतर त्रास झाला, अथवा बोलण्यात गोंधळ झाला, शुद्ध हरपली, तर हा निष्कर्ष लागू समजू नये. उपचारापूर्वी शक्य असेल तर शिरेतून प्रयोगशाळेच्या नळीत नमुना घ्यावा, पण रुग्ण शुद्धीत नसेल किंवा गिळू शकत नसेल तर नमुन्यासाठी क्षणभरही न थांबता आधी ग्लुकोज शिरेतून द्यावे.